वरच्या अंगाचा भार

लिटल हिकरी ओढ्यावर पूल का नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर काउंटीच्या कचेरीने आजवर कोणालाही दिलेले नाही. उत्तरे मात्र पुष्कळ दिली. ओढ्यापलीकडे मतदार फारसे राहत नाहीत. ओढा वर्षातून थोडेच दिवस चढतो. आणि पलीकडच्या लोकांना त्याची सवय आहे. संताप यावा तो या शेवटच्या उत्तराचा, कारण ते खरे होते.

सवय होतीच. आर्कान्सॉच्या त्या डोंगरात ओढा ओलांडायचा तो काँक्रीटच्या एका फरशीवरून. तिच्यावरून पाणीही वाहते आणि माणसेही जातात. तिला कठडा नाही. पाणी किती चढले आहे हे पाहायची रीत सर्व घरांची एकच: उतार संपून फरशी सुरू होते तिथे गाडीची पुढची चाके टेकवायची आणि दार उघडून वाकून पाहायचे. पाणी बंपरच्या खाली असेल तर जायचे, बंपरला लागले असेल तर मुकाट्याने परत फिरायचे. दुसरी रीत भाराची. गाडीत जो अंगाने भरलेला असेल त्याने वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला बसायचे, लोंढ्याने गाडी उलटू नये म्हणून. रविवारी चर्चला निघालेल्या कुटुंबांत कोण कुठे बसणार याची वाटणी वयाने किंवा मानाने होत नसे, वजनाने होई. आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

व्हर्लिन प्रूइट याच ओढ्यापलीकडे जन्मला आणि तिथेच साठीला टेकला. लाकूड कापण्याच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात आणि त्यांची पाती सरळ करण्यात त्याची हयात गेली. त्या आवाजाने त्याचे कान अधू केले आणि त्या कामाने त्याला एक खोड लावली. कोणतीही वस्तू दिसली की तो एक डोळा मिटून तिच्याकडे पाही आणि ती किती वाकडी आहे ते मनाशी ठरवी. दाराची चौकट, पाद्र्याचा टाय, शेजाऱ्याचे कुंपण, काहीही त्यातून सुटत नसे. बोलत मात्र नसे. बोलणे हे खाते त्याच्या बायकोकडे होते.

लव्हॉन चांगली उंच आणि भरभक्कम बाई होती. घरून शहराकडे निघाले की ओढा उजवीकडून डावीकडे वाहतो, त्यामुळे व्हर्लिनशेजारची उजवीकडची खिडकी ही तिची हक्काची जागा. परतताना पाणी डावीकडून, चालवणाऱ्याच्या अंगाला. ती फरशीवर दरवेळी तेच म्हणे, "जाताना माझा भार, येताना तुझा. तुझ्या बाजूनं एखाद दिवस वाहून जाऊ आपण. जरा खात जा, मेल्या."

आणि त्याने तिच्या दुसऱ्या वाढणीकडे नुसते पाहिले तरी, "बघतोस काय? माझ्यावाचून ओढा ओलांडून दाखव, मग बोल."

ते ओलांडणे त्याच्या नशिबी आले. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ती स्वयंपाकघरात कॉर्नब्रेडचा तवा हातात धरूनच कोसळली. अर्धे अंग लुळे पडले होते. रुग्णवाहिका वेळेवर आली, हे कबूल करायला हवे. ती आली आणि पलीकडच्या काठावर, तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या मिस ऑपलच्या फाटकापाशी, दिवे फिरवत उभी राहिली. व्हर्लिनने बायकोला आपल्या जुन्या पिकअपमध्ये तिच्या नेहमीच्या जागी बसवले, पट्टा लावला, फरशीच्या तोंडाशी चाके टेकवली आणि वाकून पाहिले. पाणी बंपरच्या वर आले होते. तो थांबला. पाणी उतरायची वाट पाहत ती दोघे तिथेच बसून राहिली. पाणी उतरायच्या आत लव्हॉन खिडकीला डोके टेकून गेली. काउंटीने शोक व्यक्त केला आणि फरशीपाशी एक पिवळी पाटी लावली: 'पाणी असल्यास ओलांडू नये'.

या वर्षी हिवाळा सरता सरता त्यांची एकुलती मुलगी जनेल बाळंतपणासाठी घरी आली. तिचा नवरा क्ले आखातातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला, महिनोन्‌महिने समुद्रात. दिवस भरणार होते एप्रिलमध्येच. व्हर्लिनने दिनदर्शिकेकडे पाहिले, ओढ्याकडे पाहिले आणि गाडीची उंची वाढवून घ्यायचे ठरवले. नवी गाडी परवडणारी नव्हती आणि जुनी त्याला टाकवत नव्हती.

टार्लटन गावात डॉयल हॅगर्टीचे गॅरेज हे जेवढे गॅरेज तेवढाच रिकामटेकड्यांचा अड्डा. डॉयल हा लव्हॉनचा वर्गमित्र. त्याने पिकअपभोवती एक फेरी मारली.

"एकोणऐंशी सालची ना रे ही? माझ्या दुसऱ्या लग्नाच्या वेळची. ती गेली, ही अजून आहे. बोल, किती उंच करायची? आजकालची पोरं इतकी उंच करतात की खाली उतरताना प्रार्थना म्हणतात."

"पाणी ओलांडण्यापुरती," व्हर्लिन म्हणाला. "आणि जनेलला चढता यायला पाहिजे. आठवा सरतोय तिचा."

"मग सहा इंच विसर. शिडी लागेल तिला. शिवाय सहा इंचांना स्टीअरिंगचे दांडे बदला, मागची चाकं फिरवणारा दांडा बदला. हत्तीला बूट शिवण्यासारखं काम." डॉयलने बोटांचे ग्रीस पुसले. "अडीच इंचांत गाडीची नुसती मान ताठ होते, पाण्याला काही फरक पडत नाही. आणखी एक युक्ती आहे, आळशी लोकांची. चॅसी आणि बॉडी यांच्या मध्ये ठोकळे घालायचे. बॉडी वर दिसते. इंजिन, पंखा, सगळं जिथल्या तिथं. उंच टोपी घालून पोहायला गेल्यासारखं."

"मग?"

"चार इंच. कमानीचे चारी पाटे नवे. मागं जुन्याच पाट्यांवर ठोकळा ठेवून भागवणारे आहेत, पण तुझे पाटे मेलेत रे. मेलेल्याच्या खांद्यावर कशाला ओझं द्यायचं? ब्रेकच्या नळ्या लांब घेऊ, चाकं एक माप मोठी घेऊ. पोर एखादा खोका ठेवून चढेल. चालेल?"

व्हर्लिनने मान डोलावली. डॉयलने टेप काढली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मापायला घेतली. डावीकडे मापले, उजवीकडे मापले, पुन्हा डावीकडे आला.

"हे बघ, जुन्या पिकअपची डावी बाजू बसलेली असते. माझी आहे, पाद्र्याची आहे, सगळ्यांची आहे. माणूस जन्मभर एकटा चालवतो, त्याच्या बुडाखालचा पाटा दमतो. तुझी उजवी बसलीय. दीड इंच."

"लव्हॉन बसायची तिथं."

"ते मलाही माहीत आहे." डॉयलने टेप मिटली. "पण तू हिच्यातून रोज गिरणीत एकटा जायचास ना? ती काय रविवारची बसायची, बाजारची बसायची. रात्रंदिवस बसून होती की काय?"

अड्ड्यावरचा एकजण हसला. व्हर्लिन हसला नाही. डॉयलही मग हसला नाही.

नवे पाटे आले, बसले. गाडी दिमाखात उंच झाली. डॉयलने पुन्हा टेप लावली. उजवी बाजू दीड इंच खाली होती.

त्याने पाट्यांची अदलाबदल केली, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. उजवी बाजू दीड इंच खाली. त्याने चॅसीला दोरी लावून पाहिली. व्हर्लिनने स्वतः जमिनीवर आडवे पडून, एक डोळा मिटून, पुढून मागेपर्यंत नजर टाकली. चॅसी त्याच्या चांगल्यातल्या चांगल्या करवतीसारखी सरळ होती. डॉयलने मग त्याच्या हातात जॅकचा दांडा दिला.

"डावीकडून उचल. आता उजवीकडून उचल. काय कळतंय?"

व्हर्लिनने उचलून पाहिले. उजवीकडे दांडा जड जात होता. गाडी रिकामी होती. हौद्यात साधी दोरीसुद्धा नव्हती. त्याने दांडा हळूच खाली सोडला, तेव्हा उजवीकडच्या सीटच्या स्प्रिंगा थोड्या करकरल्या, जागा बदलून बसणाऱ्या माणसाखाली करकरतात तशा. त्याचे कान अधू होते, म्हणून त्याने डॉयलच्या चेहऱ्याकडे पाहिले. डॉयलनेही ऐकले होते.

मग डॉयलने फळीवरून लोखंडाची एक जाड पट्टी काढली. "ही घालतो. दीड इंचाची आहे. उजवीकडच्या पाट्याखाली घातली की गाडी सपाट. विषय संपला. आणि हे आपण कुणाला सांगायचं नाही, कारण माझं गिऱ्हाईक तुटेल."

व्हर्लिनने पट्टी हातात घेतली, तिचे वजन पाहिले, आणि परत दिली.

"नको."

"अरे, जन्मभर लोकांच्या चौकटी वाकड्या म्हणून मनात शिव्या घातल्यास, आणि स्वतःची गाडी वाकडी नेणार?"

"वाकडी नाहीये ती," व्हर्लिन म्हणाला. "भार आहे तिच्यात."

त्याने गाडी घरी आणली. जनेलने ती पाहून टाळ्या वाजवल्या, दुधाच्या बाटल्यांचा लाकडी खोका पायरीसारखा ठेवून, पोट सावरत वर चढली आणि सरकत सरकत सीटच्या मधोमध जाऊन बसली. लहानपणी आईबापांच्या मध्ये बसायची, तशीच.

"खिडकीशी बस की," व्हर्लिन म्हणाला. "ऐसपैस. पाय पसरायला होईल."

जनेलने उजवीकडे पाहिले. क्षणभर तिच्या कपाळावर एक आठी उमटली.

"नको, डॅडी. इथंच बरं वाटतं."

त्यानंतरही दरवेळी ती मध्येच बसली. त्याने पुन्हा विचारले नाही.

एप्रिलमध्ये व्हायचे तेच झाले. वरच्या डोंगरात पाऊस लागला, ओढा तांबडा झाला, आणि एका सकाळी पावासारखी बिस्किटे आणि ग्रेव्ही ताटात तशीच टाकून जनेल उभी राहिली आणि म्हणाली, "डॅडी, आता." दवाखान्याला फोन केला. पलीकडून सांगण्यात आले की रुग्णवाहिका निघते आहे, परंतु ओढा चढला असल्यास ती अलीकडे येणार नाही. हे वाक्य व्हर्लिनला पाठ होते.

सकाळचे ऊन पावसाच्या ढगांतून फिकट पडले होते. त्याने फरशीच्या तोंडाशी नवी मोठी चाके टेकवली, दार उघडले आणि वाकून पाहिले. पाणी बंपरच्या दोन बोटे खाली होते. त्याने दुसऱ्यांदा पाहिले. खालीच होते. रीत सांगत होती, जा. तो निघाला.

निम्म्या फरशीवर पोचेपर्यंत त्याला कळले की काहीतरी चुकले आहे. स्टीअरिंग हलके झाले. हातात रिकामे ताट धरावे तसे. पाणी ज्या जोराने उजव्या दारावर आदळत होते तो जोर बंपरखालच्या पाण्याचा नव्हता. मोठी चाके फुग्यांसारखी गाडी उचलू पाहत होती. गाडीची शेपटी डावीकडे, फरशीच्या उघड्या कडेकडे, सरकू लागली. जनेलने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. मागे घ्यायला जागा नव्हती आणि थांबणे म्हणजे वाहून जाणे.

तेव्हा उजवीकडची सीट खाली दबली. हळू नाही, भरलेल्या अंगाच्या माणसाने धपकन बसावे तशी. स्प्रिंगा ओरडल्या. उजवी बाजू पाण्याकडे झुकली, तिकडची चाके फरशीला लागली आणि खरखरत चालू लागली. व्हर्लिनच्या हातातले स्टीअरिंग पुन्हा जड झाले. त्याने उजवीकडे पाहिले नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला जनेल दिसली. कळ आली असतानाही, डोळे घट्ट मिटलेले असतानाही, तिने आपले गुडघे डावीकडे वळवून घेतले होते. शेजारच्याला जागा करून देतात तसे.

गाडी पलीकडच्या चढाला लागली. मिस ऑपलच्या फाटकापाशी रुग्णवाहिका दिवे फिरवत उभीच होती.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. क्लेला समुद्रात निरोप गेला. संध्याकाळच्या आधी व्हर्लिन कॉफीचा कागदी पेला घेऊन दवाखान्याच्या आवारात आला आणि सवयीने एक डोळा मिटून त्याने आपल्या गाडीकडे पाहिले.

गाडी सपाट उभी होती.

आवाराला उतार असेल, असे त्याला वाटले. त्याने जागा बदलून पाहिले. मग गाडीतली टेप काढली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत लावली. डावीकडे, मग उजवीकडे. सारखे. केसाचाही फरक नाही. आयुष्यभर सरळपणाच्या मागे लागलेल्या त्या माणसाला, आपली सरळ उभी असलेली गाडी पाहून, हात गाडीवर टेकवून थोडा वेळ उभे राहावे लागले.

जनेलची पिशवी घरी राहिली होती. ती आणायला तो निघाला. फाटकापाशी मिस ऑपल त्याची वाट पाहत होती. ऐंशीच्या पुढची, काटक, लव्हॉनची आणि तिची अर्धी दुपार या फाटकावर गप्पांत जायची.

"काय झालं?"

"मुलगी. दोघी ठीक आहेत, मिस ऑपल."

"देव भलं करो. आणि तुला काय झालं होतं रे? डोकं फिरलं होतं? मी व्हरांड्यात उभी होते. सगळं पाहिलं मी."

"पाणी बंपरच्या खाली होतं, मिस ऑपल. मी बघितलं. दोनदा बघितलं."

"कुठल्या बंपरच्या?"

व्हर्लिनने आपल्या गाडीच्या बंपरकडे पाहिले.

"गाडी वर केलीस, बंपर तिच्याबरोबर वर गेला, व्हर्लिन. ओढ्याला तसं कुणी कळवलं नव्हतं." तिने काठीने आपल्या कुंपणाकडे खूण केली. कुंपणाची खालची टोके ओढ्यात उतरलेली होती. "लव्हॉन गेली त्या दिवशी पाणी माझ्या तिसऱ्या तारेला होतं. मी ते विसरणार नाही. आज सकाळी त्याच तारेला होतं. तेवढंच. तू त्याच पाण्यातून आलास."

मग मिस ऑपल आवाज खाली घेऊन म्हणाली, "आणि मला एक सांग. पाणी गाडीला ढकलतं तेव्हा गाडी पाण्यापासून लांब कलते ना? आजवर मी दोन वाहून गेलेल्या पाहिल्यात, दोन्ही तशाच गेल्या. तुझी उलटी कलली. पाण्याकडं. खांदा लावून उभं राहावं तशी."

"तिच्यात भार होता," व्हर्लिन म्हणाला.

मिस ऑपलने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या सपाट उभ्या गाडीकडे पाहिले. "जेवून जा," एवढेच म्हणाली. "बीन्स आहेत."

तो जेवला नाही. फरशीच्या तोंडाशी जाऊन त्याने चाके टेकवली आणि दार उघडून वाकून पाहिले. पाणी बंपरच्या चार बोटे खाली होते. जुन्या बंपरला ते लागले असते. परतताना पाणी डावीकडून, त्याच्या अंगाला. त्याचा एकट्याचा भार, आणि शेजारची सीट हलकी, फुगलेली, कोणी कधी बसलेच नसावे अशी. त्याने खिशातला खडू काढला. गिरणीत वाकड्या पात्यावर खूण करायचा खडू तो अजून बाळगत असे. शेजारच्या पिवळ्या पाटीच्या खांबावर, जुना बंपर जिथे येत होता त्या उंचीला, त्याने एक आडवी पांढरी रेघ मारली. मग गाडी मागे घेतली आणि मिस ऑपलच्या फाटकात लावली. पिशवीवाचून एक रात्र जनेलचे काही अडणार नव्हते.

पाणी उतरल्यावर तो दोघींना घेऊन आला. पुढच्या सीटच्या मधोमध, जनेलच्या नेहमीच्या जागी, बाळाची खुर्ची पट्ट्यांनी बांधावी लागली. जुन्या गाडीत दुसरी सोय नव्हती. जनेल उजव्या दारापाशी खोक्यावर उभी राहिली. आत चढायच्या आधी तिने सीटवर तळवा ठेवला आणि हलकेच दाबून पाहिले. व्हर्लिन स्टीअरिंग धरून समोर पाहत राहिला.

"डॅडी," ती म्हणाली, "इथं आता जागा आहे."

ती चढली आणि खिडकीशी बसली. फरशीवर पाणी पांढऱ्या रेघेच्या बरेच खाली होते. व्हर्लिन आपल्या बाजूला, वरच्या अंगाला, जमेल तेवढा सरकून बसला आणि त्याने गाडी पाण्यात घातली.